शाल-श्रीफळ नको, पाच-पाच वर्षांचे वयोगट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या माळावर क्रॉस कंट्री, म्हणजे रस्ता सोडून माळा-शेतांतून धावायची, शर्यत झाली. पुरुषांना दहा किलोमीटर, महिलांना सहा. मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्या शर्यतीत धावले आणि माझ्या मोजणीप्रमाणे तेविसावी आले. ‘माझ्या मोजणीप्रमाणे’ असं लिहावं लागतं, कारण पहिल्या तिघींची नावं उतरवून घेतल्यावर पुढे कोणी काही लिहिलंच नाही. शेवटच्या फेरीत टेकाडावरून खालचं वळण दिसतं, तिथे पुढे गेलेल्या बायका मी बोटांवर मोजल्या होत्या, तेवढाच आधार.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शर्यत भरवणारी पोरं कष्टाळू आहेत. पदरचे पैसे घालतात, चार-चार दिवस माळावरचे काटे वेचतात, चुन्याच्या रेघा मारतात. आणि हे त्या एका गावाचं दुखणं नाही. मी गेली नऊ वर्षं खानापूर, बेळगाव, निपाणी आणि हद्दीपलीकडे चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला धावते आहे. वयाने मोठ्या धावपटूंसाठी नीट वयोगटच नसतात, हे बहुतेक ठिकाणी मला दिसलं. आता जत्रेला, शिवजयंतीला, गणपतीतसुद्धा गावोगावी शर्यती होतात. पुढच्या हंगामाची पत्रकं छापखान्यात जायच्या आधी हे संबंधितांच्या वाचनात यावं, म्हणून आपल्याकडे पाठवते आहे.

त्या पत्रकावर गट होते ते असे : १४ वर्षांखालील मुलगे आणि मुली, १७ वर्षांखालील मुलगे आणि मुली, पुरुष खुला, महिला खुला आणि ‘४० वर्षांवरील पुरुष’. चाळिशीवरच्या बायकांना गटच नव्हता. नोंदणीच्या टेबलावर मी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, चाळीसच्या वर बायका कोण येतात? तुम्ही आलात हेच मोठं आहे.” मुलगा आदराने बोलत होता. पण त्याच रांगेत माझ्या मागे चाळिशी ओलांडलेल्या किमान पाच जणी उभ्या होत्या. एक आशा कार्यकर्ती, दोघी शेतात राबणाऱ्या, एक बँकेतली आणि एक माझ्याहून मोठ्या मावशी. त्यांच्याविषयी पुढे लिहिते. आम्हा सगळ्यांना ‘महिला खुला’मध्ये घातलं. पहिली आलेली मुलगी १९ वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिचं मला मनापासून कौतुक आहे. तिच्यासारख्या मुलींना मी शाळेत असताना तालुका पातळीपर्यंत नेलं आहे. पण तिच्या आणि माझ्या वयात ४२ वर्षांचं अंतर आहे, आणि कागदावर आम्ही दोघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होतो.

पुरुषांचं थोडं बरं म्हणावं तर तेही नाही. आपल्या भागात ‘४० वर्षांवरील’ म्हणजे काय होतं हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. घरटी नाही तरी गल्लीटी एक जवान असतो. जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन घरी येतो तो रोज पहाटे धावायची सवय घेऊनच. त्यामुळे ४० वर्षांवरील गटातले पहिले तीन क्रमांक जवळजवळ ठरलेले असतात : ४१, ४२, ४३ वर्षांचे माजी सैनिक. ते जिंकतात ते हक्काने, त्यात वाद नाही. पण त्याच गटात रताळ्याच्या वेली उपटून थेट शर्यतीला आलेला ५८ वर्षांचा शेतकरी असतो, ६७ वर्षांचे निवृत्त पोस्टमन असतात. ते दोन-तीन वर्षं येतात आणि मग यायचे थांबतात. आयोजक म्हणतात, बघा, वयस्कर लोक येतच नाहीत. न येण्याचं कारण आपण आपल्याच पत्रकावर छापलेलं असतं.

साठी ओलांडलेल्यांचा एकच गट केला तरी भागत नाही, हे कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांच्याकडे बघितलं की पटतं. २००४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावली. २०१६ मध्ये ८५ व्या वर्षी तेवढंच अंतर धावायला त्यांना ३ तास ५६ मिनिटं लागली. दोन्ही वेळा त्या वयाच्या माणसाने आधी कधी केलं नव्हतं असं ते धावणं होतं. माणूस तोच, शिस्त तीच, आणि बारा वर्षांत फरक तासाभराहून जास्त. ७३ चे व्हिटलॉक आणि ८५ चे व्हिटलॉक एकाच ‘६० वर्षांवरील’ गटात उभे केले असते, तर ८५ व्या वर्षीचा पराक्रम कोणाला दिसला असता?

शरीराचा हिशेब साधा आहे. न धावणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरायची ताकद तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नेमाने धावणाऱ्याची उतरण सावकाश असते, पण सत्तरीकडे झुकलं की तिचाही वेग वाढतो. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात, स्नायू बारीक होतात, एका जोरदार शर्यतीनंतर पाय मोकळे व्हायला दोन दिवसांऐवजी पाच दिवस लागतात. मला स्वतःला चढणीपेक्षा उतरण जास्त जाणवते. चढणीवर दम लागतो, तो मिनिटभरात परत मिळतो. उतरणीवर जांभ्याच्या खडीवरून पाय घसरला की गुडघा आठवडाभर बोलत राहतो. साठाव्या वर्षी जे जमतं ते एकोणसत्तराव्या वर्षी तसंच जमत नाही. म्हणून दहा वर्षांचा गटसुद्धा मोठा होतो.

जगभरच्या मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सने, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंच्या स्पर्धांनी, हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोरांटोला भरली. तेव्हा ‘व्हेटरन’ म्हणत, आता ‘मास्टर्स’ म्हणतात. ३५ व्या वर्षापासून सुरुवात आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट : ३५ ते ३९, ४० ते ४४, ४५ ते ४९, असं करत थेट शंभरीपर्यंत आणि त्याच्याही पुढे. पुरुषांच्या गटाला एम, बायकांच्या गटाला डब्ल्यू, म्हणजे मी डब्ल्यू ६०. स्पर्धा सुरू होते त्या दिवशी पूर्ण झालेलं वय धरायचं, एवढा सरळ नियम. २०२२ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे आपल्या देशाच्या भगवानी देवी डागर ९४ व्या वर्षी शंभर मीटर २४.७४ सेकंदांत धावल्या आणि त्यांच्या गटाचं सुवर्णपदक घेऊन आल्या. गट होता म्हणून पदक होतं, आणि पदक होतं म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचलं.

या स्पर्धांमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पदकाची नाही. तिथे धावपटूच्या पाठीवर त्याचा गट लिहिलेला असतो. छातीवर क्रमांक, पाठीवर गट. पुढे धावणारीच्या पाठीवर ‘३५’ दिसलं की तिला जाऊ द्यायचं, ‘६०’ दिसलं की दात-ओठ खाऊन गाठायचं. शर्यत एकच, सुटतात सगळे एकदमच, पण प्रत्येकाला आपला प्रतिस्पर्धी समोर दिसतो. आपल्याकडे कापडाच्या तुकड्यावर मार्करने दोन आकडे लिहून चार टाचण्यांनी पाठीवर लावायला काय लागतं? त्या डिसेंबरच्या शर्यतीत दुसऱ्या फेरीपासून माझ्यापुढे वीस पावलांवर एक बाई होती. चाळीसची असेल की साठची, मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला गाठायला सगळा जोर लावावा की राखून धावावं, हे ठरवता येईना.

क्रॉस कंट्रीत वयोगट रस्त्यावरच्या शर्यतीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. ही गोष्ट आमच्याकडच्या आयोजकांच्या अजून ध्यानात आलेली नाही असं मला वाटतं. डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर धावलं तर मागे पडलेल्याच्याही हातात घड्याळातली वेळ राहते. गेल्या वर्षी अमुक मिनिटं, यंदा तमुक. माळावर, शेताडीत तसं होत नाही. एका ठिकाणी गवत, दुसरीकडे भाताची धसकटं, तिसरीकडे ओढ्यातला चिखल. फेरी साधारण दीड ते दोन किलोमीटरची असावी, गवत आणि नैसर्गिक चढउतार असावेत, एवढं नियम सांगतात. बाकी जमीन देईल तसं. म्हणून तर क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम नोंदवतच नाहीत. आमच्याच भागात बघा : खानापूरच्या पश्चिमेला जांबोटीकडे तांबडी जमीन, घट्ट आणि खडी पेरल्यासारखी. बैलहोंगलकडे काळी, भेगाळलेली, तळव्याला चिकटणारी. दोन्हीकडचं सहा किलोमीटर घड्याळावर मोजून काय कळणार? तिथे एकच गोष्ट खरी, कितवी आलीस. आणि कितवी या प्रश्नाला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ‘कोणांमध्ये’ हे माहीत असतं.

तसं बघितलं तर ही शर्यत आमची आहे. माझं माहेरही शेतकऱ्याचं, सासरही. लावणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांची पाटी घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरून चालायची आम्हा बायकांना लहानपणापासून सवय. त्या दिवशी भात कापून शिवारात मसूर-वाटाणा वर आलेला होता, म्हणून मार्ग बांधांवरून काढला होता. भरतीची तयारी करणाऱ्या मुली मैदानात वाऱ्यासारख्या पळाल्या आणि बांधावर आल्यावर हात पसरून चालायला लागल्या. तिथे मी सहा जणींना मागे टाकलं. माळावर त्यातल्या चौघी परत पुढे गेल्या, तो भाग वेगळा.

आता वयाच्या दाखल्याबद्दल. पाच वर्षांचे गट करा म्हटलं की आयोजकांचा पहिला प्रश्न असतो, वय कसं तपासायचं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी ३६ वर्षं शाळेच्या रजिस्टरांमध्ये बघितलं आहे. माझ्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू होत. आई-बाप पोराला घेऊन येत आणि सांगत, शिमग्याच्या आदल्या रात्री झालं, मोठा पूर आला त्या सालचं. गुरुजी पोराकडे बघून, सहा पूर्ण भरतील असं साल धरून ‘१ जून’ लिहीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा, त्याआधी खेड्यात कोण नोंदवत होतं? म्हणून तर दर वर्षी ३१ मेला आमच्या तालुक्यात शिक्षकांच्या निरोप समारंभांची रांग लागते. १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या दिवशी निवृत्त होतो, तसे आम्ही सगळे १ जूनवाले एकाच दिवशी घरी येतो. मीही त्यातलीच. कागदावर माझा जन्म १ जून १९६४ चा, निवृत्ती ३१ मे २०२४ ची. आई सांगायची, तू झालीस तेव्हा भात कापणीला आलं होतं, दिवाळी आठ दिवसांवर होती. म्हणजे ऑक्टोबरची अखेर. कागदावर मी खऱ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी आहे.

हे पाच महिने मला एकदा लागले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पावसाळी शर्यतीत ‘६० वर्षांवरील महिला’ असा गट होता. मी फार आनंदाने गेले, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वयाचा गट मला मिळत होता. तिसरी आले. चौथ्या आलेल्या बाई ६८ वर्षांच्या होत्या. बक्षीस घेऊन परत येताना एसटीत माझ्या मनात आलं, आईच्या हिशेबाने मी अजून साठ पूर्ण केलेली नाही. मी उतरल्यावर आयोजकांना फोन केला आणि हे सांगितलं. ते म्हणाले, आधारवर जे आहे तेच आम्ही धरणार. नियम म्हणून ते बरोबरच आहे, सगळ्यांना एकच माप हवं, नाहीतर प्रत्येकाची आई काहीतरी सांगत असणार. पण गट पाच वर्षांचे असते तर त्या ६८ वर्षांच्या बाई ६५ ते ६९ मध्ये धावल्या असत्या आणि माझ्या पाच महिन्यांनी त्यांचा तिसरा क्रमांक गेला नसता. कागदाची चूक आपल्या पिढीत दुरुस्त व्हायची नाही. गट लहान ठेवले तर त्या चुकीने होणारं नुकसान तरी लहान राहील.

शाळेच्या स्पर्धांत मुलांचं वय कमी दाखवायचा मोह पालकांना होतो, हे मी जवळून बघितलं आहे. मास्टर्समध्ये मोह उलटा असतो. इथे वय वाढलं की गट सोपा होतो. म्हणून नियम कडक हवा : आधार किंवा एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड, आणि एकदा नोंदवलेली तारीख पुढच्या शर्यतीत बदलायची नाही. आमच्या भागात नावांचीही गंमत आहे. एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर गावाचं नाव, कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येताना अक्षरं बदललेली. त्यावरून कोणाला परत पाठवू नये, तारीख जुळली की पुरे. शाळेचं तोंडही न बघितलेल्या बायकांच्या आधारवर बऱ्याचदा फक्त साल धरून १ जानेवारी घातलेली असते. तीही मान्य करावी. ब्रिटनमधले पंजाबी धावपटू फौजा सिंग २०११ मध्ये टोरांटोत शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण करून आले, पासपोर्टवर १ एप्रिल १९११ अशी तारीख होती, तरी जन्माचा मूळ दाखला नाही म्हणून गिनीजने तो विक्रम धरला नाही. जागतिक विक्रमाला तेवढी कसोटी असेल, असू दे. गावच्या माळावर १९५९ साली जन्मलेल्या बाईकडे जन्मदाखला मागणं म्हणजे तिला येऊ नको म्हणणंच आहे.

आता त्या मावशींबद्दल. पण त्याआधी वेळेचं सांगते. शर्यत सकाळी सातला सुटणार होती. पाहुणे यायचे होते, म्हणून साडेनऊला सुटली. डिसेंबर असला तरी दहानंतर आमच्या माळावर ऊन लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ उन्हात राहतो तो सगळ्यात सावकाश धावणारा, म्हणजे वयाने मोठा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री भर उन्हाळ्यात दुपारी घेतली. सुटले ३८, पोहोचले १५, आणि त्यानंतर ऑलिंपिकमधून हा प्रकारच गेला. ते जगातले तरणेबांड धावपटू होते. पाहुण्यांना बक्षीस समारंभाला बोलवावं, ते दहाला आले तरी चालतं. शर्यत सातला सुटावी.

तर मी शर्यत संपवून पाणी पीत होते, तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं. घामाने निथळत स्टेजवर गेले. ‘आजच्या स्पर्धेतील सर्वांत ज्येष्ठ महिला धावपटू’ म्हणून मला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या वाजल्या, फोटो झाला. मी खाली उतरले आणि समोर बघते तर मावशी अजून धावत होत्या. वय ६६. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. नोंदणीच्या टेबलावर त्यांचं आधार मीच वाचून दिलं होतं. त्या तिसऱ्या फेरीत होत्या, पायात काही नाही, लुगडं कासोट्याने आवळलेलं, मान खाली. सर्वांत ज्येष्ठ धावपटू शर्यतीत होती आणि सत्कार माझा झाला होता. मी स्टेजवर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “असू दे मॅडम, आता झालं की.”

मावशी आल्या तेव्हा शेवटच्या रेषेची दोरी सोडलेली होती. एक मुलगा झेंडे उपटून गोळा करत होता. मंडपात भाषण चाललं होतं. आम्ही पाच-सहा बायका दोन बाजूंना उभ्या राहिलो, म्हणजे रेषा कुठे होती ते त्यांना कळावं. त्या मधून आल्या, गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या आणि दम परत आल्यावर पहिलं काय विचारलं तर, “बाई, मी कितवा नंबर आलो?”

मला सांगता आलं नाही. किती सुटल्या, किती मधेच थांबल्या, कोणी लिहिलेलं नव्हतं. मी शाळेत ३६ वर्षं पोरांना निकाल वाचून दाखवला. शेवटच्या बाकावरच्या पोरालासुद्धा आपला क्रमांक कळायचा, तो त्याचा हक्क होता. त्या दिवशी ६६ वर्षांच्या बाईने सहा किलोमीटर धावून विचारलेला एवढा साधा प्रश्न माझ्याकडून अनुत्तरित राहिला. ६५ ते ६९ हा गट असता तर उत्तर होतं : पहिल्या आलात.

मग लोक म्हणतात, एकटीच गटात, पहिली आली तर त्यात काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. माझं मत असं : गटात तिघी नसतील तर रोख बक्षीस देऊ नका, पण निकालपत्रात गट, नाव आणि क्रमांक छापाच. किंवा मोठ्या वयाच्या धावपटूला तिची इच्छा असेल तर खालच्या, तरुण गटात धावू द्या. उलटं मात्र कधीच करू नये. पैशांचंही तसंच. ‘महिला खुला’त पहिल्या तिघींना मिळून दहा हजार दिले, चांगलं केलं. वयोगटांना रोख नको, एक साधं पदक पुरे. शालींवर आणि हारांवर जे खर्च होतं, त्यात वीस पदकं येतील. सगळ्या ज्येष्ठांना मिळून एकच बक्षीस द्यायचं असेल, तर वयानुसार वेळेला गुणक लावून टक्केवारी काढायची पद्धतही मास्टर्समध्ये आहे. एकाच मार्गावर सगळे धावलेले असले की ती वापरता येते. पण ते नंतर. आधी गट.

सांघिक स्पर्धेचंही सुचवावंसं वाटतं. मास्टर्सच्या क्रॉस कंट्रीत तिघांचा संघ असतो आणि संघाचा गट त्यातल्या सर्वांत तरुण धावपटूच्या वयावरून ठरतो. एका गावच्या तीन बायका, पाठीवर गावाचं नाव. ज्या घरांतून एकट्या बाईला शर्यतीला पाठवायला का-कू करतात, तिथून तिघी मिळून सहज निघतील. माझी जाऊ गेली दोन वर्षं माझ्याबरोबर पहाटे धावते, पण शर्यतीचं नाव काढलं की ‘मी कुठे मागे पडत येऊ’ म्हणते. संघात तिसरी हवी आहे म्हटल्यावर ती येईल, याची मला खात्री आहे.

एक शेवटचं, निकालाच्या यादीबद्दल. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं कशी धावतात हे बघून दोराबजी टाटांनी जो संघ पाठवायचा घाट घातला, त्या संघातले ते. चौगुले एकोणिसावे आले. शंभर वर्षांनंतरही आपण ते अभिमानाने सांगतो, कारण तिथे कोणीतरी एकोणिसाव्या माणसाची वेळ आणि नाव लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे आजही यादी तिसऱ्या नावाला संपते.

मी धावणार असेन त्या शर्यतीत टेबलावर बसू शकत नाही. पण माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या तीन शिक्षिका तयार आहेत. सकाळी नोंदणीला आधार बघून पाठीवरचे गट लिहून देतील आणि शेवटची बाई येईपर्यंत रेषेवर बसून क्रमांक उतरवून घेतील. मानधन नको, सावलीला एक छत्री आणि पाणी असलं की झालं. चारशे पानी रजिस्टर मी खानापूरच्या बाजारातून आणून ठेवलं आहे, गटांचे रकाने पाडून झाले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठल्याही आयोजकाने आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन मार्ग बघून जाऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांस कळवला आहे.)